बदलायचं ते फक्त तुम्ही

जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कचेऱ्यांत पदार्थांमधलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावायला सांगितलं. समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार, अशी आवई उठली; मग विक्रेत्यांवर असं काही बंधन नाही, असा खुलासा आला. उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये दाल-पकवानची न्याहारी अर्थातच चालू राहिली. फलकावरची माहिती खोटी नाही. खुपतं ते हे, की २०१२ पासून आरोग्याच्या नावाने इथल्या माणसाला जे जे सांगितलं गेलं, त्यात बदलायचं बहुतेक वेळा त्यानेच होतं, सांगणाऱ्याने क्वचितच.

त्याआधीचा काळ चटकन उरकता येतो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, आणि पुढची कित्येक वर्षं आरोग्य म्हणजे नळाला पाणी, साथीची लस आणि इस्पितळात खाट, एवढाच हिशोब होता. मागणारे लोक, देणारं सरकार. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली आणि त्यानंतरच्या दशकात ही दिशा उलटली. माल शेजारच्या राज्यांतून येत राहिला, छापेही पडत राहिले, आणि सापडायचा तो बहुधा टपरीवाला. पाठोपाठ गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्याला गाठायचं, शिट्टी फुंकायची, गुलाब द्यायचा, वेळ पडली तर दंड करायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये शहरी महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीरही झाला. ज्या वस्तीत सार्वजनिक संडासाला दार नाही की पाणी नाही, तिथल्या बाईला पहाटे चारचौघांत शरमिंदं करणं याला प्रबोधन म्हणणारे लोक स्वतः कुठल्या न्हाणीघरातून निघून आले होते, हे त्या वेळी कुणी फारसं विचारलं नाही.

याच दशकात नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं आणि विषारी वायूने शेकडो माणसं दवाखान्यांत पोचली. त्यांच्यातल्या कुणाच्याही आहारात चूक नव्हती. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं होतं; २०१५ मध्ये लवादाने जबाबदार धरलेल्यांत औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबरोबर इथल्या नगर प्रशासनांचाही समावेश होता. म्हणजे नागरिकाला स्वच्छतेचे धडे देणारेच प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडत होते. त्यांच्या दारात गुलाब घेऊन कोणतंही पथक गेल्याचं ऐकिवात नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की मग डॉक्टरांनी आणि सरकारने गप्प बसायचं का? सांगण्याने फरक पडतो, आणि त्याला आकडेही आहेत. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील तंबाखू वापरणारे २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. पण ते नुसत्या उपदेशाचं नव्हे. सिगारेटवरचा कर वाढला, सार्वजनिक जागी धूम्रपान २००८ पासूनच बंद होतं, एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने भरला. इथे कंपनीलाही काही सोसावं लागलं. दुसरा आक्षेप डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव घेऊन येईल: दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचेचाळीस मिनिटं चाला, हे सांगून त्यांनी कोणावर जुलूम केला? मुळीच नाही. त्यांच्या आहाराच्या शास्त्राबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत, ते असोत. पण ते फी घेत नाहीत, आधी रक्त तपासायला सांगतात, स्वतःचं नाव पणाला लावतात, आणि ऐकणारा नको म्हणू शकतो. सल्ला देण्याची ही सभ्य रीत झाली. तोच सल्ला सरकारी मोहीम होतो तेव्हा मात्र सरकारची बाजू तपासावी लागते. पंचेचाळीस मिनिटं चालायचं कुठे? कॅम्प नं. ३ च्या बाजारात पदपथावर दुकानाचा माल, त्याच्यापुढे उभ्या दुचाकी, आणि उरलेल्या जागेत रिक्षा. बारा तास शिलाई मशीनवर बसणाऱ्या कारागिराला चालायला सांगणाऱ्याने आधी तो पदपथ मोकळा करायला हवा, आणि तो करणं कारागिराच्या हातात नाही, पालिकेच्या आहे.

म्हणून आरोग्याची पुढची मोहीम आली की उल्हासनगर आणि शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या रहिवाशांनी एक मागणी जरूर करावी: तिच्या जाहिरातीवरच्या खर्चाशेजारी त्याच वर्षी पदपथ, सार्वजनिक संडास आणि सांडपाणी शुद्धीकरणावर किती खर्च झाला, तो आकडाही पालिकेने छापावा.