रुग्णाचा मुक्काम आणि विमा कंपनीची देखरेख

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे कंपन्यांस आवश्यक झाले. हक्कासोबत तपासणीही आली. तिचे स्वरूप समजून घेणे वैद्यबंधूंस अगत्याचे आहे.

देयक दिवसागणिक आकारले जाते, तेव्हा मुक्काम लांबण्याकडे कल राहतो. म्हणूनच १९८३ मध्ये अमेरिकेतील मेडिकेअर योजनेने व्याधीगटानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली. आपल्या जिल्ह्यात २०१३ पासून असलेल्या राजीव गांधी जीवनदायी, म्हणजे आताच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही पूर्वपरवानगी व ठरावीक पॅकेज हीच रीत आहे. खाजगी पॉलिसीत बहुधा प्रत्यक्ष खर्च दिला जातो. त्यामुळे कंपनीचा अथवा टीपीएचा वैद्यकीय अधिकारी प्रत्येक दिवसाबद्दल एकच प्रश्न विचारतो : या दिवशी रुग्ण घरी का राहू शकत नव्हता? केवळ विश्रांतीसाठी वा घरगुती सोयीसाठी केलेला प्रवेश पॉलिसीत बसत नाही.

आमच्याकडील एक प्रसंग सांगतो. मेहकर तालुक्यातील एक शेतकरी कुष्ठव्याधीत विरेचनासाठी दाखल झाले. पाचन ३ दिवस, स्नेहपान ६, अभ्यंग-स्वेदनासह विश्रामकाल ३, विरेचन १ व संसर्जन ५, असा १८ दिवसांचा मुक्काम झाला. कंपनीने पाचनाचे ३ व संसर्जनाचे ५ दिवस नामंजूर केले. प्रथम आम्हांस राग आला. मग आम्ही आमचीच पत्रके वाचली. पाचन बाह्यरुग्ण विभागातही झाले असते. गाव दूर, एवढेच प्रवेशाचे कारण होते. परंतु संसर्जनाचे पहिले दोन दिवस रुग्णास ग्लानी होती, रक्तदाब उतरलेला होता. पत्रकावर मात्र 'पूर्ववत्' एवढाच शब्द! ते दोन दिवस न्याय्य असूनही आमच्या लेखणीमुळे गेले आणि त्यांचे पैसे रुग्णाने सोयाबीनच्या रकमेतून भरले.

वास्तविक मुक्कामाची मर्यादा शास्त्राने आधीच घालून दिली आहे. स्नेहपान कोष्ठानुसार ३ ते ७ दिवस. संसर्जन शुद्धीनुसार ३, ५ अथवा ७ दिवस. स्नेहाची मात्रा, जीर्ण होण्याची वेळ, सम्यक् स्निग्ध लक्षणे, वेगांची संख्या, अग्नी, बल, नाडी व रक्तदाब यांची रोज वेळेसह नोंद करावी. शेवटी आजच्या मुक्कामाचे कारण एका ओळीत लिहावे. ज्या दिवशी ती ओळ सुचणार नाही, त्या दिवशी रुग्णास पथ्य लिहून घरी पाठवावे. किमान ५ खाटा व अहोरात्र वैद्य यांप्रमाणेच दैनंदिन नोंद ही आयुष रुग्णालयाच्या विमाव्याख्येतील अट आहे, हे विसरू नये.

औषधी विक्रेत्यांनीही देयक तारीखवार व बॅच क्रमांकासह द्यावे. अखेरच्या दिवशी केलेले एकत्रित देयक संशयास जागा देते. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, रोखरहित दाव्यात रुग्णालयाने विनंती केल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यावयाची आहे. मंजुरीची वाट पाहत रुग्णास आणखी एक रात्र ठेवू नये.

पत्रक नीट लिहिणे हे विमा कंपनीसाठी नव्हे, रुग्णासाठी आहे. आपण न लिहिलेल्या दिवसाचा भुर्दंड अखेर त्यालाच पडतो.