दिवस गेल्याची चाहूल

गावाकडे सुनेला फोडणीचा वास नकोसा झाला, की घरातील थोरल्या बायकांना न सांगताच सारे उमगते. कामासाठी बेंगळुरूला आलेल्या मराठी जोडप्याच्या एका खोलीत अशी जाणती नजर नसते आणि शेजारणीची भाषाही वेगळी असते. अशा वेळी आपल्या शरीरातील बदल स्त्रीने स्वतः ओळखणे आवश्यक ठरते.

लक्षणे

नियमित येणारी पाळी चुकणे हे गर्भधारणेचे प्रमुख लक्षण होय. मळमळ, थकवा, स्तन जड होणे व वारंवार लघवीला होणे ही इतर लक्षणे आहेत. ती सर्व प्रत्येकीला जाणवतातच असे नाही. काहींना सुरुवातीला थोडा रक्तस्राव होतो आणि त्या तो पाळीच समजतात. उलट, थायरॉइडचा विकार किंवा मानसिक ताण यांमुळेही पाळी लांबू शकते. म्हणून केवळ लक्षणांवर विसंबू नये.

खात्री

गर्भ रुजल्यावर शरीरात तयार होणारे एक संप्रेरक लघवीत उतरते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने ते ओळखता येते. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. उत्तर 'नाही' आले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवावा. त्यापासून साधारण २८० दिवसांनी प्रसूती अपेक्षित असते. ओटीपोटात तीव्र वेदना, जास्त रक्तस्राव किंवा चक्कर असल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आधार

पहिल्या १२ आठवड्यांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. कर्नाटकात गर्भवतीला 'तायी कार्ड' दिले जाते. हा शब्द आपल्या 'ताई'सारखा वाटतो, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'आई' असा आहे. कार्डावर वजन, रक्तदाब व रक्तातील हिमोग्लोबिन यांची नोंद असते. त्यामुळे कन्नड न येणाऱ्या स्त्रीची माहितीही डॉक्टरांना कळते. बाळंतपणासाठी माहेरी जाताना हे कार्ड सोबत न्यावे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया व औषधे मोफत केली. स्त्रिया व बालकांसाठीचे वाणी विलास हे बेंगळुरूतील जुने सरकारी रुग्णालय आहे.

गर्भ नको असल्यास गावठी उपाय करू नयेत, कारण ते जिवावर बेततात. १९७१ च्या कायद्याने ठरवून दिलेल्या अटींनुसार मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून सुरक्षित गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी असते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

संकोचामुळे गेलेले आठवडे परत येत नाहीत. भाषा परकी असली, तरी आरोग्य केंद्राचे दार आपल्यासाठीही उघडे असते.