बाळंतिणीचे समाधान आणि आरोग्यसेविका

‘समाधान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मनाला लाभणारी तृप्ती हा एक आणि शंकेचे निरसन हा दुसरा. ‘शंकासमाधान’ या सामासिक शब्दात हा दुसरा अर्थ आजही नांदतो आहे. सरकारी आरोग्यसेवेविषयी लोक कितपत समाधानी आहेत, याच्या पाहण्या हल्ली वारंवार होतात. त्यांत बहुधा पहिलाच अर्थ गृहीत धरलेला असतो. परंतु मातृसेवेच्या बाबतीत शंकेचे समाधान झाल्यावाचून मनाचे समाधान होत नाही, आणि हे काम मुख्यतः घरोघर जाणारी आरोग्यसेविकाच करू शकते, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

बाळंतपण सुखरूप पार पडले आणि मूल कुशीत आले, की बहुतेक स्त्रिया ‘सगळे ठीक झाले’ असेच सांगतात. ज्या स्त्रीला आयुष्यात कोणी कधी आदराने विचारलेले नाही, तिची अपेक्षाच मुळी थोडी असते. त्यामुळे तिची तक्रारही थोडी असते. अशा उत्तरांची बेरीज करून काढलेली टक्केवारी सेवेच्या गुणवत्तेपेक्षा अपेक्षेच्या दारिद्र्याचेच माप ठरण्याचा संभव अधिक असतो.

या विषयात महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये जामखेड येथे कामास आरंभ केला. गावानेच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. आरोग्याचे ज्ञान ही केवळ पदवीधरांची मिरास नव्हे, हे त्या स्त्रियांनी सिद्ध केले. 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे विचार करावयास लावणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. तेथील भाषा कळत नाही. डॉक्टर-परिचारिकांचे कपडे पांढरे, आणि पांढऱ्या वस्त्रात तर प्रेत गुंडाळतात. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. तेव्हा शोधग्राम येथील दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. उणीव औषधांत नव्हती, संवादात होती.

याच जिल्ह्यातील 39 गावांत, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ सेविका आली. 2011 पासून घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे कामही तिच्याकडे आले. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जावयाचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 89 टक्क्यांवर गेले. एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू 2001-03 मध्ये 301 होते, ते 2018-20 मध्ये 97 झाले. या यशाची कारणे अनेक आहेत. त्यांत आशेचा वाटा मोठा आहे.

तथापि बाई रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. आपल्या तेलंगणातच पाहा. 2019-21 च्या त्याच पाहणीत येथील 97 टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झालेली आढळली, आणि 60.7 टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 81.5 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 44.5 टक्के होते. शस्त्रक्रियेने असंख्य मातांचे प्राण वाचतात, हे निर्विवाद. परंतु आपल्यावर ती का झाली, पुढच्या खेपेस काय होईल, अंगावर पाजणे केव्हा सुरू करावे, या शंकांचे निरसन कोणी केले काय? ते झाले नसेल, तर वरवरची तृप्ती पुढे अविश्वासात बदलते.

गौलीगुड्यास या प्रश्नाला भाषेचाही पदर आहे. सुलतान बाजारचे सरकारी प्रसूतिगृह येथून हाकेच्या अंतरावर. तेथील कारभार तेलुगू, दखनी आणि हिंदीतून चालावा, हे स्वाभाविकच. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांना या भाषा येतात. पण सासरी नव्याने आलेल्या, मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला वेदना आणि भीती सांगावयाची असते ती आपल्या बोलीतच. गडचिरोलीच्या आदिवासींनी सांगितलेली अडचण शहरातही अशी भेटते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. आशेचा मोबदला बव्हंशी कामागणिक ठरतो. योग्य मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये संप करावा लागला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, हे भूषणावह खरेच. पण रुग्णालयात तिला अधिकार नसतो. वॉर्डात एखाद्या बाईचा पाणउतारा झाला, तर गल्लीत त्याचा जाब विचारला जातो तो आशेला, कारण तिच्याच शब्दावर ती बाई तेथे गेलेली असते. दुसऱ्याच्या वागणुकीची किंमत ती आपल्या विश्वासाने मोजते.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, शासकीय सेवेतील अधिकारीही आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ हा प्रश्न बाळंतिणीला खाटेवर असताना विचारू नये. बेचाळिसाव्या दिवशी, तिच्या घरी, तिच्या भाषेत विचारावा. आणि त्याचे रूपही थोडे बदलावे: ‘तुमच्या मनात कोणत्या शंका होत्या, आणि त्यांचे उत्तर तुम्हांला कोणी दिले?’ या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांतून सेवेची खरी पारख होईल. ते उत्तर देणाऱ्या सेविकेचे मोलही त्यातूनच कळेल.