बॅटरीची नाडी कशी बघायची? जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी

जुनी पेट्रोलची गाडी बघायला जाताना काय तपासायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतं. किती मैल चालली आहे, इंजिनाचा आवाज कसा येतोय, मागून निळा धूर तर निघत नाही ना. इलेक्ट्रिक गाडीत आवाज नाही आणि धूरही नाही. तिचा सर्वांत महागडा भाग सीटखाली एका बंद पेटीत असतो आणि तो किती थकला आहे हे बाहेरून कळत नाही. मैलांच्या आकड्यावरही फार विसंबता येत नाही, कारण लिथियम-आयन बॅटरी नुसती उभी असतानाही म्हातारी होत असते.

हा प्रश्न पैशांचा आहे. त्याच कंपनीच्या, त्याच वर्षीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एक ९० टक्के तर दुसरी ७० टक्के क्षमतेची असेल, तर दोन्हींची किंमत सारखी कशी असेल? फरक ओळखायला एक छोटं उपकरण आणि एक ॲप पुरतं. मात्र ॲपवर दिसणारा आकडा नेमका काय सांगतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

दोन टक्केवाऱ्या, दोन अर्थ

डॅशबोर्डवर दिसणारे १०० टक्के म्हणजे बॅटरी आत्ता किती भरली आहे. तिची तब्येत सांगणारा आकडा वेगळा. त्याला ‘स्टेट ऑफ हेल्थ’ किंवा एसओएच म्हणतात: नवी असताना जितकी वीज मावत होती, त्याच्या किती टक्के आज मावते. गच्चीवरच्या टाकीत तळाला गाळ साचला, तरी टाकी काठोकाठ ‘भरलेली’ दिसतेच. पाणी मात्र आधीपेक्षा कमी असतं. तसंच हे.

हा ‘गाळ’ कुठून येतो? बॅटरीच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक पातळ थर तयार होतो आणि तो काही लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. पहिल्या काही महिन्यांत हा थर झपाट्याने वाढतो, नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून नव्या गाडीची क्षमता पहिल्या वर्षी चार-पाच टक्के उतरली तर घाबरू नका. उष्णता आणि सतत १०० टक्के भरून ठेवणं, या दोन गोष्टी ही झीज वाढवतात.

निसान लीफचा धडा

हा विषय समजून घ्यायला निसान लीफसारखं उदाहरण नाही. डिसेंबर २०१० मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिच्यात २४ किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि ती थंड ठेवायला द्रवाची किंवा पंख्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फीनिक्समधल्या मालकांच्या लक्षात आलं, की डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या १२ रेघांपैकी काही गायब होताहेत. सप्टेंबरमध्ये त्यांनी एकत्र येऊन १२ गाड्यांची रस्त्यावर चाचणी घेतली. वर्षअखेरीस निसानने क्षमतेची वॉरंटी जाहीर केली: ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांच्या आत ९ पेक्षा कमी रेघा उरल्या, तर दुरुस्ती किंवा बदल. आखातात राहणाऱ्या वाचकांनी फीनिक्सचा हा अनुभव विशेष लक्षात ठेवावा.

या रेघांमध्ये एक गोम आहे. पहिली रेघ जायला सुमारे १५ टक्के क्षमता कमी व्हावी लागते, पुढची प्रत्येक रेघ सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे ‘बाराच्या बारा रेघा आहेत’ असं विकणारा सांगतो, तेव्हा ती गाडी ९९ टक्क्यांवर असू शकते आणि ८६ वरही.

इथे ‘लीफ स्पाय’ हे ॲप कामाला येतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये एक ब्लूटूथ डोंगल लावायचं आणि ॲप सुरू करायचं. एसओएच, बॅटरीची अँपिअर-तासांतली क्षमता (जुन्या २४ किलोवॅट-तासांच्या नव्या बॅटरीत ती सुमारे ६६ असे), तापमान, आजवर किती वेळा फास्ट चार्जिंग झालं, हे सगळं समोर येतं. त्या बॅटरीतल्या ९६ सेल-जोड्यांचं व्होल्टेजही स्वतंत्र पट्ट्यांत दिसतं. बॅटरी बऱ्यापैकी उतरलेली असताना एखादी पट्टी इतरांपेक्षा खूपच खाली गेली, तर तिथे एक कमजोर सेल आहे. एकसर ओळीत जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत दुबळा सेलच सगळ्यांची मर्यादा ठरवतो, म्हणून ही पट्टी एसओएचइतकीच महत्त्वाची.

आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे

ॲप स्वतः काहीच मोजत नाही. गाडीतला बॅटरी सांभाळणारा संगणक, म्हणजे बीएमएस, जे सांगतो ते ॲप वाचून दाखवतं. आणि बीएमएसही क्षमता थेट मोजत नाही. किती विद्युतप्रवाह आत गेला, किती बाहेर आला, याची बेरीज-वजाबाकी आणि विश्रांतीतलं व्होल्टेज यांवरून तो अंदाज बांधतो.

अंदाज चुकू शकतो, हे २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये दिसलं. ‘फ्लिप द फ्लीट’ या उपक्रमातल्या संशोधकांनी २८३ लीफ गाड्यांची आकडेवारी तपासली. ३० किलोवॅट-तासांच्या नव्या गाड्या २४ च्या जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी वेगाने क्षमता गमावताना दिसत होत्या. संशोधकांनी शीर्षकातच ‘नोंदवलेली’ घट असा शब्द वापरला होता, आणि ती सावधगिरी योग्य ठरली. दोष बीएमएसच्या हिशोबात असल्याचं निसानने सांगितलं, सॉफ्टवेअर बदललं आणि आकडे पुन्हा वर गेले. ज्यांनी मधल्या काळात घाबरून गाडी स्वस्तात विकली असेल, त्यांचं नुकसान मात्र खरं होतं.

उलटही घडतं. बीएमएसची नोंद पुसून रेघा तात्पुरत्या पूर्ण दाखवणारे विक्रेते असतात. काही आठवडे गाडी चालली की आकडा खऱ्या जागी येतो, पण तोवर व्यवहार झालेला असतो.

स्वतः पडताळा

म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा. फास्ट चार्जरवर गाडी १० पासून ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि चार्जरने किती वीज दिली ते बघा. समजा २१ किलोवॅट-तास. ७० टक्क्यांना २१, म्हणजे १०० टक्क्यांना ३०. गाडी ४० किलोवॅट-तासांची लीफ असेल आणि नवी असताना त्यातले सुमारे ३९ वापरता येत असतील, तर एसओएच ७७ टक्क्यांच्या आसपास. काही टक्के इकडेतिकडे धरा. पण ॲप ९५ म्हणत असेल तर खरेदी थांबवा. घरच्या चार्जरवर हाच हिशोब करताना १० ते १५ टक्के वीज वाटेत वाया जाते, ती वजा करा.

इतर गाड्यांचं काय?

ओबीडी सॉकेटचा नियम मुळात धुराच्या तपासणीसाठी झाला, त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीची माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत देते. ‘कार स्कॅनर’सारखं ॲप अनेक मॉडेल्सची भाषा जाणतं. टेस्लात गाडीच्याच मेनूत बॅटरी चाचणी आहे. ती बॅटरी जवळपास रिकामी करून पुन्हा भरते, तेव्हा रात्रभर गाडी लागणार नाही असा दिवस निवडा.

एलएफपी प्रकारच्या बॅटरीत व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे बीएमएसचा अंदाज भरकटतो. अशी बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरल्यावरच आकडा विश्वासार्ह होतो. भारतात घरच्यांनी नेक्सॉन ईव्ही घेतली असेल, तर त्यांनाही हे सांगा. तिची बॅटरी एलएफपीच आहे.

डोंगल मात्र काम झालं की काढून ठेवा. ते १२ व्होल्टची छोटी बॅटरी हळूहळू पीत राहतं, शिवाय गाडीच्या संगणकाचं दार उघडं राहतं.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे. पण जुन्या बाजारातल्या आजच्या गाड्यांना तो नसेल. तेव्हा गाडी बघायला जाताना डोंगल खिशात ठेवा, गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवायला विक्रेत्याला आधीच सांगा आणि फास्ट चार्जरवर अर्धा-पाऊण तास घालवायची तयारी ठेवा. ॲपचा आकडा आणि चार्जरचा हिशोब जुळले, तर भाव करायला बसा.