विमानातील हातभर नळी

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा जुनी आहे. त्यांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात स्थापन झाली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनीच केलेले असावे, ही तेथील नियमांची मुख्य अट. कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभारणारे अमोल यादव आपल्याला ठाऊक आहेतच. पाहणारे पंखांचे कौतुक करतात. इंजिनामागच्या तेलाच्या नळ्यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहते.

अशा विमानांत लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन पुष्कळदा आढळते. त्यात सुमारे साडेसात लिटर तेल मावते. हे तेल नळीवाटे शीतकाकडे जाते व थंड होऊन दुसऱ्या नळीने परतते. त्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या साधारण दुप्पट असतो. नळी निसटली, तर एवढे तेल बाहेर पडायला फार वेळ लागत नाही आणि तेलाविना इंजिन थोड्याच वेळात अडकून बसते.

म्हणून जोडणीला महत्त्व. आटे दोन प्रकारचे. इंजिनात बसणारे आटे निमुळते. त्यांना गळती रोखणारा लेप लागतो, पण टोकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवून. जास्तीचा लेप आत गेला, तर तेलाची वाटच बुजते. नळीच्या टोकाची जोडणी मात्र ३७ अंशांच्या उताराची. तेथे धातू धातूवर टेकतो आणि लेप वर्ज्य असतो. मोटारगाड्यांतील अशा जोडण्यांचा उतार बहुधा ४५ अंशांचा. वरवर सारखा दिसतो, पण एकास दुसरा चालत नाही. रोखपालाला खोटी नोट जशी स्पर्शाने कळते, तशी ही नजर सरावानेच येते.

आवळताना दोन पाने हवेत, एक नट फिरवायला, दुसरा खालचा भाग धरायला. नळीवर लांबीभर छापलेली रेघ सरळ राहिली, म्हणजे पीळ पडला नाही असे समजावे. नळी ताणूनही बसवू नये. दाबाखाली तिची लांबी बदलते आणि इंजिन सतत हलत असते, म्हणून पाच ते आठ टक्के ढील ठेवतात. वर आगीपासून रक्षण करणारे जाड वेष्टन चढते. दाबमापकाकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या मुळाशी मुद्दाम अगदी लहान छिद्राची जोडणी घालतात. ती नळी फुटली तरी तेल हळूहळू जाते आणि उतरायला अवधी मिळतो. या कामात एवढी दूरदृष्टी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

येथे कर्जदार आणि जामीनदार एकच असतो. स्वतः आवळलेल्या नटावर विसंबून स्वतःच आकाशात जायचे. तरीही जाणते लोक दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलावून प्रत्येक जोडणी तपासून घेतात. आपली चूक आपल्याच नजरेतून सुटते, हे बँकेच्या खातेवहीइतकेच इथेही खरे.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले की सर्वांची दृष्टी दाबमापकावर खिळते. तीस सेकंदांत काटा हलला नाही, तर इंजिन लगेच बंद करायचे. काटा वर चढला, तरी थोड्या वेळाने इंजिन थांबवून, आवरण उघडे ठेवूनच, विजेरीच्या उजेडात एकेक सांधा पाहिला जातो. कोरड्या सांध्यावर नट व जोडणी यांवरून रंगाची एक आडवी रेघ ओढतात. पुढे कधी नट सैल झाला, तर ती रेघ तुटलेली दिसते.