कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरवर उघडत नाही? 'फॉरमॅट' दाबायच्या आधी हे वाचा

लग्न असो, जत्रा असो की हरिनाम सप्ताह, गावोगावी आता मोठ्या कॅमेऱ्यावर शूटिंग होतं. दिवसभराचं सगळं काम काडेपेटीपेक्षा लहान अशा एका कार्डात जाऊन बसतं. खरी अडचण येते ती रात्री घरी आल्यावर, कार्डातून कॉम्प्युटरवर घेताना. लग्नसराईत मला तालुक्यातल्या पोरांचे फोन येतात. 'दादा, कार्ड उघडंना.' 'आवाज येतोय, चित्र काळं.' 'मंगलाष्टकात मध्येच तुटतंय.' यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं. पण घाईत एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं की दुरुस्तीलाही काही उरत नाही, आणि नवरीला हळद काही दुसऱ्यांदा लावता येत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे तो मेसेज. कार्ड लावलं की विंडोज इंग्रजीत सांगतं, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा, आणि खाली बटणही देतं. ते बटण दाबायचं नाही. कॉम्प्युटर एवढंच सांगतोय की मला हे कार्ड वाचता येत नाही. कार्ड खराब आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

कार्ड काढा आणि परत कॅमेऱ्यात घाला. कॅमेऱ्यात क्लिपा दिसतात, चालतात? मग कार्ड चांगलं आहे, गडबड रीडरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. याचं नेहमीचं कारण जुना रीडर. एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंत असेल तर त्याला एसडीएचसी म्हणतात, त्याच्या वरचं ते एसडीएक्ससी. कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन्ही दिसायला सारखीच, खाचेत बसतातही सारखीच, पण आतली मांडणी वेगळी. एकावर फॅट३२, दुसऱ्यावर एक्सफॅट. बरेच जुने रीडर ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत. विंडोज एक्सपीवर चालणारा जुना डबा असेल तर त्यालाही एक्सफॅट आपोआप कळत नाही. नवा यूएसबी ३ चा रीडर घ्या. रीडरची किंमत आणि एका लग्नाच्या शूटिंगची किंमत, तुम्हीच तोलून बघा.

रीडर नसेल तर कॅमेरा केबलने जोडा, मेनूत यूएसबीच्या ठिकाणी 'मास स्टोरेज' निवडा. इथे एक गंमत होते. मोबाइलच्या स्वस्त चार्जिंग केबलींमधल्या काहींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. कॅमेरा चार्ज होतो, कॉम्प्युटरला मात्र काही दिसत नाही. केबल बदलून बघितल्याशिवाय कॅमेरा दुकानात नेऊ नका. आणि कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली असू द्या.

कार्ड कॅमेऱ्यातही उघडलं नाही तर मागच्या सोनेरी पट्ट्या बघा. हळद, गुलाल, मांडवातली धूळ, काहीही बसलेलं असतं. कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा, पाणी लावू नका.

आता मुख्य गोष्ट. कार्डातून क्लिपा वेचून घेऊ नका, अख्खं कार्ड उचला. आपण खळ्यावरून पोतं उचलतो, दाणे मोजून नेत नाही. कार्ड उघडलं की आत फोल्डरमध्ये फोल्डर दिसतात. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यात 'प्रायव्हेट', त्यात 'एम४रूट', त्यात 'क्लिप' आणि तिथे व्हिडिओ. खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्यात, म्हणजे एमसी २५०० वगैरे, 'प्रायव्हेट'मध्ये 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही', त्यात 'स्ट्रीम'. पोरं काय करतात, आत शिरून फक्त व्हिडिओच्या फायली घेतात आणि बाकीचं 'फालतू' म्हणून सोडतात. त्या फालतू फायलींतच कोणती क्लिप कुठे सुरू होते, कोणती कोणाला जोडलेली आहे, हे लिहिलेलं असतं.

मंगलाष्टकात तुटण्याचं मूळ इथेच आहे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून असे कॅमेरे लांब शूटिंगचे स्वतःच तुकडे पाडतात, कोणी २ जीबीचे तर कोणी ४ जीबीचे. २४ एमबीपीएसवर शूट केलं तर २ जीबीचा तुकडा साधारण अकरा मिनिटांचा. तुम्ही सलग तासभर काढलं तरी कार्डावर पाच-सहा फायली पडतात. त्या सुट्या घेऊन टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवल्या की सांध्यावर आवाज किंवा चित्र झटका खातं. भटजींचा शब्द अर्धा कापला जातो. पूर्ण फोल्डर जसंच्या तसं असेल आणि एडियसमध्ये 'सोर्स ब्राउझर'मधून किंवा प्रीमियरमध्ये 'मीडिया ब्राउझर'मधून घेतलं, तर सॉफ्टवेअर ते तुकडे स्वतः जोडून एकच क्लिप दाखवतं. साध्या 'इम्पोर्ट'ने हे होत नाही.

न्यूज चॅनेलवाल्यांकडून सेकंडहँड घेतलेले पॅनासोनिकचे पी-टू कॅमेरे कोणाकडे असतील, तर त्यांना हे आणखी कडक लागू. त्यात चित्र एका फोल्डरमध्ये आणि आवाज दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो. फक्त 'व्हिडिओ' फोल्डर नेलं तर मुका सिनेमा हातात येतो. 'कंटेंट्स' हे पूर्ण फोल्डर आणि बाहेरची 'लास्टक्लिप' नावाची छोटी फाइल, दोन्ही घ्या. आतल्या कुठल्याही फाइलीचं नाव बदलू नका.

घेताना दर कार्डाला वेगळं फोल्डर करा. नावात तारीख, घराचं नाव आणि कार्डाचा नंबर. हे का, तर दोन कॅमेरे असले की दोघांच्याही क्लिपा सी०००१ पासून सुरू होऊ शकतात. दुसरं कार्ड त्याच फोल्डरमध्ये ओतलं की विंडोज विचारतं, आधीच्या फायली बदलू का? झोपेत 'हो' म्हटलं की पहिल्या कॅमेऱ्याची हळद गेली. असं झालेलं घर मी पाहिलंय. मुलीकडच्या बाजूचा एकही फोटो अल्बमला नव्हता, व्हिडिओवरच सगळा भरवसा होता, आणि व्हिडिओत नुसता मुलाकडचा कार्यक्रम.

कट-पेस्ट नको, कॉपीच करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कॉपी अर्धवट राहिली तरी कार्ड शाबूत असतं, पुन्हा पहिल्यापासून करता येतं. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या. वेळेचा अंदाजही धरून चला. फोर-के शूटिंग १०० एमबीपीएसचं असेल तर तासाला ४५ जीबी भरतात. यूएसबी २ च्या रीडरवर ६४ जीबीचं कार्ड उतरायला अर्धा तास लागतो. मशीन अडकलंय असं समजून कार्ड ओढू नका. आणखी एक सवय चांगली. कार्डाच्या कडेला छोटा खटका असतो, तो लॉकवर सरकवून मगच कॉम्प्युटरला लावा. बहुतेक रीडर लॉक असलेल्या कार्डावर काही लिहू देत नाहीत, म्हणजे चुकून फॉरमॅटही होत नाही. परत कॅमेऱ्यात घालताना खटका उघडा, नाहीतर वरात निघेल आणि रेकॉर्डिंग सुरू होणार नाही.

झालं की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फायलींची संख्या आणि साइज तंतोतंत जुळली पाहिजे. त्यानंतर चार-पाच क्लिपा मधूनमधून चालवून बघा.

'आवाज येतो, चित्र नाही' हे बहुतेक वेळा फाइल खराब झाल्याचं लक्षण नसतं. नवे कॅमेरे एच.२६५ नावाच्या पद्धतीने चित्र दाबून ठेवतात, ते जुन्या कॉम्प्युटरच्या साध्या प्लेअरला उलगडत नाही. व्हीएलसी प्लेअर फुकट मिळतो, त्यात उघडून बघा. चित्र दिसलं पण अडखळत चाललं, तर मशीन कमी पडतंय. क्लिप ठीक आहे.

शूटिंग चालू असताना बॅटरी निघाली तर ती शेवटची क्लिप अर्धवट राहते, कधी तिची साइज शून्य दिसते. अशा वेळी तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून सुरू करा. काही कॅमेरे 'रिकव्हर करू का' असं विचारतात. कार्ड कॉम्प्युटरवर उघडत असेल तर आधी सगळं उतरवून घ्या, मग 'हो' म्हणा.

आणि समजा फॉरमॅट होऊनच गेलं. तरी लगेच हातपाय गाळू नका. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन कुठे जात नाही, दुसऱ्याने पेरणी करेपर्यंत ती तशीच पडून असते. कार्डाचंही बरंचसं तसंच आहे. साध्या फॉरमॅटमध्ये बऱ्याचदा फक्त नोंद पुसली जाते. म्हणून त्या कार्डावर नंतर एक सेकंदही शूट करू नका, कार्ड काढून बाजूला ठेवा. 'फोटोरेक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशा फायली शोधून काढतं. सापडलेलं मात्र दुसऱ्या डिस्कवरच साठवायचं, त्याच कार्डावर नाही. फायलींची मूळ नावं जातात, आणि लांब क्लिपा तुकड्यांत पसरलेल्या असल्या तर पूर्ण येतीलच असं नाही.

कार्ड घेताना स्वस्ताच्या मागे लागू नका. बाजारात अशी कार्डं आहेत ज्यांच्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याच्या दहाव्या हिश्शाचीही नसते. कॅमेरा तक्रार न करता रेकॉर्ड करत राहतो, जागा संपल्यावरचं सगळं हवेत जातं. नवं कार्ड रिकामं असतानाच विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' चालवा. ते कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. रात्रभर लागला तरी चालेल.

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. शूटिंगवाल्याला दर ठरवतानाच विचारा, किती कार्डं आणणार आणि किती ठिकाणी कॉपी ठेवणार. एडिट झालेल्या व्हिडिओबरोबर मूळ फायलीही तुमच्या हार्ड डिस्कवर मागा. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ असणार, तो रिकामा करून एक्सफॅट करून घ्या. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा टीव्हीसाठी लहान फाइलीचा दुसरा पेनड्राइव्ह ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेलं ते मूळ समजू नका, पाठवताना त्याची क्वालिटी उतरते. पाठवायचंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

कार्ड रिकामं करायचं ते दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्यावर, आणि तेही कॅमेऱ्याच्या मेनूतून. कॉम्प्युटरवर केलं तर कॅमेऱ्याला हवी ती मांडणी मिळत नाही आणि पुढच्या मांडवात कॅमेरा कार्ड नाकारतो.