एक स्वर आपला, पुढचा शेजाऱ्याचा
गिटारवृंदाच्या सरावाची एक आगळी पद्धत

आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या तरुण-तरुणींची वाण नाही. चर्चचा गायनवृंद असो वा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, चार-पाच गिटारवादक सहज जमतात. मात्र ते सरावाला बसले की बहुधा एकच दृश्य दिसते. ज्याचा हात चालतो तो पुढे सरसावतो. ज्याला अजून नीट जमत नाही तो आपला आवाज इतका लहान करतो की, तो वाजवतो आहे की नाही हेच कळू नये. काही महिन्यांनी तो यायचाच बंद होतो. 'त्याचा रियाज कमी पडला' असे म्हणून आम्हीही अनेकदा मोकळे झालो आहोत. परंतु दोष त्याच्या बोटांचा होता की आपल्या सरावाच्या रीतीचा, याचा विचार व्हायला हवा.

या संदर्भात एक प्रयोग जाणून घेण्यासारखा आहे. 'किंग क्रिमसन' या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी मार्च १९८५ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील क्लेमाँट येथे 'गिटार क्राफ्ट' नावाचा निवासी अभ्यासवर्ग सुरू केला. पुढे असे वर्ग अनेक देशांत भरले. २०१० साली 'गिटार क्राफ्ट' या नावाने चालणारे कार्य थांबवण्यात आले. परंतु 'गिटार सर्कल' या नावाने ती परंपरा पुढे चालू राहिली.

या वर्गात आल्याबरोबर तारा वेगळ्या स्वरांत लावाव्या लागत. नेहमीच्या गिटारीत शेजारच्या दोन तारांमध्ये बहुतेक ठिकाणी षड्ज-मध्यमाचे अंतर असते. फ्रिप यांच्या पद्धतीत खालून वर सी, जी, डी, ए, ई, जी असे स्वर येतात. म्हणजे पहिल्या पाच तारांत षड्ज-पंचमाचे नाते, आणि शेवटच्या दोन तारांत षड्ज व कोमल गंधार यांचे अंतर. पहिल्या चार तारा तर थेट चेलोसारख्या होतात. परिणामी वर्षानुवर्षे सवयीचे झालेले कॉर्ड निरुपयोगी ठरतात. जाणता आणि नवखा, दोघेही एकाच पायरीवर उभे राहतात.

दुसरी बाब शरीराची. या वर्गांत 'अलेक्झांडर तंत्र' शिकवले जाई. टास्मानियात जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर (१८६९-१९५५) हे पठण करणारे कलावंत होते. त्यांचा आवाज वारंवार बसू लागला. आरशासमोर उभे राहून त्यांनी स्वतःचे निरीक्षण केले, तेव्हा बोलताना आपण नकळत मान मागे खेचून घशावर ताण आणतो, हे त्यांच्या ध्यानात आले. गिटारवादकाचेही असेच होते. कठीण जागा आली की खांदे वर चढतात, श्वास रोखला जातो, मनगट आवळते. म्हणून वाद्य हाती घेण्याआधी बसणे, उठणे, हात उचलणे या साध्या क्रिया सावकाश आणि सावधपणे करून पाहायच्या.

हालचालीतून लय शिकवण्याचा विचारही जुना आहे. जिनिव्हा येथील संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ (१८६५-१९५०) यांनी विद्यार्थ्यांना तालावर चालायला, थांबायला, हातांनी वेगळ्या मात्रा दाखवायला शिकवले. पावले चार मात्रांत आणि टाळ्या तीन मात्रांत, असे करून पाहावे. बारा मात्रांनंतर दोन्ही समेवर एकत्र येतात. कागदावर सोपे वाटणारे हे गणित शरीरात उतरायला वेळ लागतो. एकदा उतरले की लय घड्याळासारखी मोजावी लागत नाही.

आता मुख्य सराव. सर्वांनी वर्तुळात बसायचे आणि प्रत्येकाने फक्त एकच स्वर वाजवून तो शेजाऱ्याच्या हवाली करायचा. आधी ठरलेली सुरावट, मग तीच उलट दिशेने, मग थोड्या जलद लयीत. येथे वेगवान बोटांचा काही उपयोग नाही. शेजाऱ्याचा स्वर जितका मोठा, तितकाच आपला ठेवावा लागतो. एकाचे लक्ष ढळले तर सुरावटीला खंड पडतो आणि तो सर्वांना ऐकू येतो. त्यामुळे कान आपसूक दुसऱ्याकडे वळतात.

शेवटी उपज. आता स्वर ठरवून दिलेला नसतो. प्रत्येकाने आधीचा स्वर ऐकून आपला निवडायचा. निर्माण होणारी धून कोणा एकाची नसते, पण कोणाही एकाला वगळून ती पूर्ण होत नाही. नवख्यांना उपजेची भीती वाटते, कारण एकट्याने पुष्कळ वाजवावे लागेल असे त्यांना वाटते. येथे जबाबदारी एका स्वराची असते, आणि एक स्वर कोणालाही जमतो.

हा सराव करण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, की तारा बदलण्याचीही नाही. दर आठवड्याच्या सरावातील पहिली वीस मिनिटे पुरेत : पाच मिनिटे शरीर सैल करणे, पाच मिनिटे पावले व टाळ्या, दहा मिनिटे वर्तुळ. गाणी त्यानंतर घ्यावीत.

रियाजाला पर्याय नाही, हे आम्हीही मानतो. परंतु आवाज लहान करून कोपऱ्यात बसलेला तो मुलगा या वर्तुळात लपू शकत नाही, आणि त्याला लपण्याची गरजही उरत नाही. त्याची पाळी आली की सारे त्याच्या स्वरासाठी थांबलेले असतात. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येईल की नाही, हे बहुधा त्याच क्षणी ठरते.